सांतोच्या बाजूचं दार

"पाय बघू नका," कोच ओगी म्हणाला, "पाय आपण रोज बघतो. आज तोंडं बघा." आणि त्यानं व्हिडिओ लावणाऱ्या तेसला आवाज बंद करायला सांगितलं. सकाळचे नऊ वाजले होते. पासिगमधल्या त्या जिमच्या वरच्या मजल्यावर, संघाच्या मालक कंपनीच्या सार्डिन माशांच्या डब्यांचे खोके भिंतीला लावून ठेवलेल्या लांबट खोलीत, पंधरा घडीच्या खुर्च्यांवर बुलावान हा बास्केटबॉलचा संघ बसला होता. पोरांच्या हातांत पान-दे-सालचे पाव, डोळ्यांत झोप. सांतो नेहमीप्रमाणे पहिल्या रांगेत, पंख्याखालच्या खुर्चीवर. ती खुर्ची त्याची, असं कुणी ठरवलं नव्हतं. कुणी तिथं बसत नव्हतं, एवढंच. पडद्यावर गेल्या सहा सामन्यांतले तुकडे सुरू झाले, आणि स्वतःला वरून बघताना सांतोला आधी दिसली ती स्वतःच्या टाळूवरची विरळ जागा. छत्तिसाव्या वर्षी माणूस वरून बघण्यासारखा राहत नाही, एवढं मनात येईतो कोचनं चित्र थांबवलं. केर्विन लुमापासचं तोंड आ वासून उघडलं होतं. मागून भिंतीसारखा आडवा येणारा स्क्रीनवाला, म्हणजे बचाव करणाऱ्याची वाट अंगानं अडवणारा समोरच्या संघाचा गडी, त्याला दिसला होता, तो बोयेतला ओरडून सांगत होता, आणि धिप्पाड बोयेत, ज्याला एरवी जेवणाशिवाय कशाची चाहूल लागत नाही, अंग चोरून त्या भिंतीशेजारून निसटला होता. पुढचा तुकडा. तीच जागा, तसाच स्क्रीन, फक्त बोयेतच्या जागी सांतो. केर्विनचं तोंड अर्धं उघडलं. मिटलं. त्याचा हात वर्गात बाईंना काही विचारायचं असावं तसा खांद्यापर्यंत वर आला. मग सांतो पाठीनं भिंतीवर आदळला आणि त्याचा माणूस मोकळा सुटला. तिसरा तुकडा तसाच. चौथा तसाच. पाचव्याला सांतोला वाटलं, हे पुरे झालं, कुणीतरी पंखा वाढवावा.

"दर सामन्यात बाकी चौघांना चाळीस-पंचेचाळीस वेळा हाका जातात," कोच म्हणाला. "तेसनं मोजलंय. सांतोला किती?"

तेस कॉम्प्युटरमागून म्हणाली, "दोन. पण कोच, हे सगळं पहिल्या हाफमधलं आहे. माझा कॅमेरा एकाच बास्केटच्या मागे असतो. दुसऱ्या हाफमध्ये आपण त्याच बास्केटखाली बचाव करतो, तेव्हा सगळ्यांच्या नुसत्या पाठी दिसतात. तिथलं कोण ओरडलं ते कळत नाही."

"दोन. आणि त्यातली एक मीच बाकावरून मारली होती," कोच म्हणाला.

मागे कुणीतरी हसलं आणि ते हसू पावाच्या घासाबरोबर गिळलं. सांतोला ते ऐकू आलं. कोण किती हसलं, कुणी किती गिळलं, याची नोंद त्याच्या डोक्यात आपोआप पडे. चौदा वर्षांत ड्रेसिंग रूममध्ये तो ती एकच गोष्ट कसून शिकला होता.

"केर्विन, तुला स्क्रीन दिसला होता ना?"

"हो, कोच."

"मग?"

केर्विननं हातातला पाव खाली ठेवला. बावीस वर्षांचा, सामार बेटावरचा, गालावर अजून दाढीचा पत्ता नाही. पहिल्या दिवशी सांतोची ओळख करून दिली तेव्हा हात मिळवायच्या ऐवजी पोरानं सांतोचा हात वाकून कपाळाला लावला होता, आजोबांचा लावतात तसा, आणि सबंध संघ आठवडाभर त्यावर हसत होता. सांतोही हसला होता. वरवर. "कुयांवर कसं ओरडायचं, कोच?" केर्विन म्हणाला. "म्हणजे... ते कुया आहेत."

कुया म्हणजे थोरला भाऊ. त्यापुढे खोलीत कुणालाच काही विचारायचं उरलं नाही, कारण प्रत्येकाच्या घरी एक होता. आणि मग, जणू एवढ्यानं पोट भरलं नव्हतं म्हणून, कोचनं चढाईचे तुकडे लावले. बुलावानची चढाई बघायला लोक तिकीट काढतात. सरासरी वय चोवीस. बॉल कुणाच्या हातात अर्धा सेकंद ठरत नाही. पाचही जण असे धावतात की एखादी प्रवाशांनी भरलेली जीपनी गाडी रस्त्यात बंद पडावी आणि तिच्या दोन्ही अंगांनी मोटरसायकली सुटाव्यात. फक्त दर तिसऱ्या-चौथ्या खेपेला ती मोटरसायकल एका ठिकाणी थांबते, खाली उतरते, टोपी काढते: बॉल सांतोकडे येतो. सांतो मोकळा असो नसो. पडद्यावर केर्विन समोरचं उघडं बास्केट सोडून बॉल वळवून सांतोच्या हातात देत होता, पंगतीत आधी थोरल्यांच्या पानात वाढावं तसा. आणि पडद्यावरचा सांतो तो दोन्ही हातांनी, अगदी हक्कानं, घेत होता. गेल्याच आठवड्यात तो बायकोला म्हणाला होता, "मेर्ली, पोरं अजून अडचणीत मलाच शोधतात." मेर्ली तांदूळ निवडत होती. ती नुसतं "हं" म्हणाली होती. त्या "हं"मध्ये काय होतं ते आता मोसमाच्या चार महिन्यांचा हिशेब उलटा लावून बघावं लागणार होतं. दर सामन्यात दहा पास. दहाही वाढलेले.

नंतर जिन्यात कोचनं त्याच्या खांद्यावर हात टाकला. "पारे," तो म्हणाला, जुन्या दोस्ताला म्हणतात तसं, ओगी त्याच्याहून पाचच वर्षांनी मोठा, दोघं एकदा एकाच संघात होते, "राग नको धरूस. आपल्या बचावाला एक दार आहे आणि ते तुझ्या बाजूला आहे. समोरच्यांनाही आता माहीत झालंय. प्रत्येक स्क्रीन तुझ्याच अंगावर येतो."

"मग पोरांना सांग ना ओरडायला."

"मी सांगून काय होतंय? तू सांग. तुझ्यावर ओरडायची परवानगी माझ्या खिशात नाही." मग हात काढून घेऊन, "दोन सामने उरलेत. एक जरी जिंकलो तरी शेवटच्या आठांत जातो. आजची प्रॅक्टिस बघतो. पोरं तुझ्यावर ओरडली तर तू खेळशील. नाहीतर माझ्या मागच्या बाकावर बस, आणि खरं सांगू का, छत्तिसाव्या वर्षी बाकावर बसलेल्याला पुढच्या मोसमात कुणी उठवत नाही."

सांतो हसला. "एवढंच ना? पोरांना सवय नाही रे. लावू." हे तो इतक्या सहज बोलला की ओगीला बरं वाटलं, आणि ओगीला बरं वाटलेलं बघून सांतोला त्याचा मनस्वी राग आला. जिना उतरताना त्याला कुया दान्ते आठवला. आठवला म्हणजे दान्तेचा टॉवेल आठवला, गळ्यात घातलेला, पिवळा, कडेला विरलेला. सांतोचं पहिलं वर्ष. दान्ते तेव्हा चौतीसचा, पायांत शिसं ओतल्यासारखा, पण नाव असं की रेफ्री सुद्धा शिट्टी फुंकायच्या आधी त्याच्याकडे बघत. एका सामन्यात दान्तेच्या मागून स्क्रीन येताना सांतोला दिसला आणि तोंडातून निघून गेलं, "दान्ते! उजवीकडे!" नुसतं नाव, पुढे कुया नाही, मागे काही नाही. दान्ते सरकला, बॉल अडवला गेला, सामना जिंकला. ड्रेसिंग रूममध्ये सांतो शाबासकीची वाट बघत बसला होता. दान्ते समोर येऊन उभा राहिला, टॉवेलनं मान पुसली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "कोण दान्ते? मी काय तुमच्या अंगणातला कुत्रा आहे का रे?" बस, एवढंच. पुढचे तीन आठवडे सांतोला कुणी पास दिला नाही. तो मोकळा उभा राहून हात वर करी आणि बॉल त्याच्या अंगावरून, नदीवरून पूल जावा तसा पलीकडे जाई. त्या तीन आठवड्यांत त्याच्या मनात एक ठराव झाला होता. की या खेळात स्क्रीनवर आदळणं परवडतं, थोरल्याला नुसत्या नावानं हाक मारणं नाही. आणि दुसरा, जो त्यानं कधी शब्दांत मांडला नाही पण चौदा वर्षं सांभाळला: आपलीही पाळी येईल. ती आली होती. पंख्याखालची खुर्ची, पहिला आंघोळीचा नळ, दहा वाढलेले पास. चार वर्षांपूर्वी एका नव्या पोरानं त्याला कोर्टवर "सांतो" म्हटलं, तेव्हा त्यानंही मऊ आवाजातच विचारलं होतं. ते पोर आता सेबूला कुठल्या तरी लहान लीगमध्ये खेळतं म्हणे. गंमत अशी की गेल्या मोसमातला अमेरिकन पाहुणा खेळाडू त्याच्यावर रोज नावानं खेकसत असे आणि सांतोला काही वाटत नसे. तो आपला नव्हता; त्याच्या ओरडण्याची नोंद कुठल्याच वहीत होत नव्हती.

प्रॅक्टिसला त्यानं सगळ्यांना मध्ये गोळा केलं. "ऐका रे पोरांनो. आजपासून कोर्टवर कुया नाही. कोर्टच्या बाहेर मी तुमचा कुया, कोर्टवर नुसता सांतो. शिवी द्या हवी तर. ओरडा." पोरं एकमेकांकडे बघायला लागली. बोयेत म्हणाला, "शिवी कुठली देऊ, कुया?" आणि सगळे हसले, सांतोही. मग खेळ सुरू झाला. पहिल्या स्क्रीनला केर्विन ओरडला, "कुया, जरा डावीकडे बघता का!" वाक्य संपेपर्यंत सांतो भिंतीला लागून परत आला होता. "बघता का!" कोच बाजूनं किंचाळला, "चहा देतोस का त्यांना? बघता का!" दुसऱ्या स्क्रीनला बोयेतनं डोळे मिटून "सांतो" म्हटलं, इतक्या हळू की देवाचं नाव घेतल्यासारखं. तिसऱ्याला केर्विन नुसता "ए!" म्हणाला आणि लगेच, "माफ करा, कुया." सांतो त्याच्याजवळ गेला. पोराच्या कपाळावरून घाम ओघळत होता, सांतोच्या दुप्पट. सगळ्यांची धाव तो एकटा धावत असल्यासारखा. "घाबरतोस कशाला? खातो का मी?" "नाही, कुया. माझ्या बापावर ओरडल्यासारखं वाटतं." "मी तुझा बाप दिसतो?" "नाही, म्हणजे... थोडे." पुन्हा हशा. सांतोनं पोराच्या मानेवर हलकी चापट मारली आणि मनात नोंद केली: बाप. छत्तीस. मग बाराव्या का पंधराव्या खेपेला केर्विननं गाल फुगवून, तोंड लाल करून हाक मारली, "सांतो! सरक!" सांतो सरकला. कोचनं टाळी वाजवली. सगळ्यांनी वाजवली, बोयेतनं तर केर्विनला उचललंच. सांतोनं अंगठा वर केला. नुसतं नाव, पुढे कुया नाही. प्रॅक्टिस आहे. नाटक आहे. नाटकात कुणी थोबाडीत मारली तर गाल थोडाच सुजतो.

गुरुवारचा सामना दुपारी चारचा होता. समोर हिरव्या शर्टवाले, वयानं दोन-दोन वर्षांनी मोठे आणि त्या दोन वर्षांचा पुरेपूर वापर करणारे. पहिल्या हाफमध्ये त्यांनी सवयीनं सगळे स्क्रीन सांतोच्या बाजूला आणले. केर्विन ओरडला, सांतो सरकला. एकदा, दोनदा, पाचदा. दार बंद झालं होतं. हिरवे गोंधळले. बुलावानची पोरं बॉल हिसकावून अशी सुटत होती की त्यांच्या मागे कोर्टवर नुसता वारा उरे, आणि आज बॉल सांतोकडे वळत नव्हता. उघडं बास्केट दिसलं की पोरं सरळ आत घुसत. हे बरोबर होतं. हेच तर त्यानं सांगितलं होतं. दोनदा तो खरंच मोकळा होता, हात वर करून उभा, आणि बॉल त्याच्यावरून पलीकडे गेला, आणि दोन्ही वेळा त्याला पिवळ्या टॉवेलाचा वास आला. त्यानं हात खाली घेतले. एकदा पाणी पिताना केर्विननं, घाईत, त्याच्या हातातली बाटली काढून घेतली, दोन घोट प्यायला आणि परत दिली. मागितली नाही. पोराच्या ते लक्षातही नव्हतं. सामन्याच्या धुंदीत होतं ते. पण सांतोच्या लक्षात होतं. म्हणजे हे असं असतं तर. आधी नाव जातं, मग पास, मग बाटली. मग खुर्ची. एकदा फळी निघाली की छपराचं काय उरतं, हे त्याला, बापाच्या घरावरून वादळं गेलेल्या माणसाला, कुणी शिकवायला नको होतं.

शेवटचे आठ सेकंद. बुलावान एका गुणानं पुढे, बॉल हिरव्यांचा. कोचनं वेळ मागून घेतला, पोरांना जवळ ओढलं, आणि सांतोकडे बघितलं ते अशा नजरेनं की सांतोनं टॉवेलाकडे हात नेला. "त्यांचा सात नंबर मारणार. सांतो, तू बस. ताजे पाय पाठवतो."

"कोच," केर्विन म्हणाला. धापा टाकत होता. "कुयांना राहू द्या. सात नंबरला तेच ओळखतात, सबंध सामना त्यांनीच धरलाय. स्क्रीन माझ्याच माणसाचा येणार. मी ओरडेन. मी आहे ना."

मी आहे ना. बावीस वर्षांचं पोर छत्तीस वर्षांच्या माणसाची हमी देत होतं, आणि कोचनं सांतोला नव्हे, त्या पोराला विचारलं, "नक्की?" "नक्की, कोच." "ठीक. सांतो, राहा." सांतो उठला. कोर्टवर जाताना त्याला वाटलं की आभार मानावेत. मग वाटलं की कानाखाली द्यावी. या दोन्ही भावना इतक्या शेजारी होत्या की त्यांच्यात बोट घालायला जागा नव्हती.

सात नंबर त्याच्यासमोर बॉल आपटत उभा राहिला. आठ, सात. प्रेक्षागृह असं गरजत होतं की बॉलचा आवाज कानाला नाही, तळपायाला कळत होता. सांतो वाकून, हात पसरून. बास्केट त्याच्या पाठीशी, केर्विन कुठंतरी त्याच्या मागच्या अंगाला. सात नंबरचे डोळे क्षणभर सांतोच्या खांद्यावरून मागे गेले, म्हणजे स्क्रीन येत होता, हे सांतोच्या चौदा वर्षांना कळलं, कोणत्या बाजूनं ते कळलं नाही. आणि मग ती हाक आली. "सांतो! डावीकडे! सरक!" प्रॅक्टिसमधली नव्हे. गाल फुगवून, लाजून मारलेली नव्हे. खरी. मालकीची. बोटीवरून धक्क्यावरच्या हमालाला मारावी तशी, त्याचा बाप त्याला हाक मारायचा तशी, ज्यात माणूस नसतो, नुसतं काम असतं. ती वेळेवर होती. अचूक होती. डावीकडे एक पाऊल, एवढंच करायचं होतं, आणि पाय ते करायला निघालेही होते. पण त्याआधी मान वळली. स्क्रीन बघायला नाही वळली. कोण म्हणालं, ते बघायला वळली. कोण सांतो. एका श्वासापुरती दोघांची नजर भिडली. केर्विनचं तोंड अजून उघडं होतं, आणि सांतोच्या चेहऱ्यावर काय होतं ते त्या पोरानं वाचलं, कारण तोंड लगेच मिटलं. मग खांद्यात भिंत लागली. सात नंबर मोकळ्या हवेत उडाला, आणि बॉल जाळीतून गेला तो आवाज एवढ्या गोंधळातही सांतोला वेगळा ऐकू आला.

ड्रेसिंग रूममध्ये कुणी बूट सुद्धा काढले नव्हते. कोच दाराला पाठ लावून उभा राहिला. त्याचा आवाज चढला नाही, त्यामुळे सगळे अधिकच आखडून बसले. "दार पुन्हा उघडलं," तो म्हणाला. "शेवटच्या आठ सेकंदांत. मला एकच सांगा. केर्विन, तू ओरडलास का?"

सांतोनं बसल्या जागी हिशेब केला. त्याला तो करावा लागला नाही, तो झालेलाच होता. दुसरा हाफ, तेसचा कॅमेरा याच बास्केटच्या मागे, केर्विनची पाठ. टीव्हीवाल्यांचा कॅमेरा सात नंबरच्या तोंडावरून हलला नसणार, जिंकणाऱ्याचं तोंड सोडून ते दुसरं काय दाखवतात. तेसच्या पडद्यावर उद्या सकाळी नऊ वाजता एकच चेहरा दिसणार होता, मान वळवून मागे बघणाऱ्या सांतोचा. आणि न मिळालेली हाक शोधणारा माणूस अगदी तसाच दिसतो. ऐकणारे? एवढ्या आवाजात बोयेत तेवढा जवळ होता. सांतोनं बोयेतकडे बघितलं. बोयेतनं त्याच्याकडे बघितलं, मग खाली वाकून तो बुटाची नाडी सोडायला लागला, जी आधीच सुटलेली होती.

केर्विन उभा राहिला. बोलताना उभं राहायला त्याला घरी शिकवलं असावं. त्यानं कोचकडे बघितलं नाही, सांतोकडेही नाही. दोघांच्या मधल्या फरशीकडे बघितलं. "नाही, कोच," तो म्हणाला. "ऐन वेळी तोंड बंद पडलं."

"तू हमी दिली होतीस."

"हो, कोच. माझी चूक."

"ओरडेन म्हणाला होतास. तुझ्या भरवशावर मी त्याला आत ठेवला."

"हो, कोच."

आता. आता बोलायचं. एकच वाक्य होतं, लहान होतं, त्याला सांतोच्या तोंडात जागाही होती. तो ओरडला होता, ओगी. मीच वळलो. ते वाक्य दातांपर्यंत आलं आणि तिथं त्याला बाक दिसला, कोचच्या मागचा, आणि बाकामागे गावी, इलोइलोला, परत नेणारी बोट, आणि धक्क्यावर उभे असलेले लोक, कुया सांतो परत आले म्हणणारे, वर्षभर म्हणणारे, मग न म्हणणारे. वाक्य तिथंच उभं राहिलं. त्याला कुणी हाक मारली नाही.

"रविवारी तू बाकावर बसशील," कोच केर्विनला म्हणाला. "सबंध सामना. तोंड उघडायला शिक." आणि मग सांतोकडे वळून, हळू, "सॉरी, पारे. पोरं आहेत. तू रविवारी सुरुवातीपासून खेळ."

सांतोनं मान हलवली. समजूतदारपणे.

केर्विन कोपऱ्यातल्या पेटीशी गेला, बर्फाची पिशवी भरली, टॉवेलात गुंडाळली आणि सांतोसमोर येऊन वाकला. "कुया, खांद्याला," तो म्हणाला, "भिंत जोरात लागली ना तुम्हाला." त्याच्या आवाजात उपकार नव्हता, राग नव्हता; शोधूनही सापडला नाही. पाण्याची बाटलीही त्यानं आणली होती, झाकण उघडून, दोन्ही हातांनी पुढे धरलेली. सांतोनं ती घेतली, एक घोट प्यायला. सगळे बघत होते. काहीतरी म्हणणं भाग होतं, थोरल्यानं म्हणायचं असतं तसं, आणि चौदा वर्षांत ते त्याच्या तोंडात बसलेलं होतं. त्यानं पोराच्या मानेवर हात ठेवला.

"होतं असं," तो म्हणाला, कोचला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "पुढच्या वेळी ओरड."

"हो, कुया," केर्विन म्हणाला.